डिस्कला तेल नको: किनाऱ्यावरच्या सायकलचे ओरडणारे ब्रेक शांत करताना

कोकणात लोखंडाची वस्तू घरात आली की पहिला विचार गंजाचा. कोयती असो, विहिरीवरचा रहाट, दाराची कडी नाहीतर मोटरसायकल. मे महिना संपत आला की प्रत्येकावरून तेलाचा हात फिरतो. खाऱ्या हवेत ही सवय हवीच. पण डिस्क ब्रेकच्या सायकलवर एक गोल पत्रा असा असतो की त्याला तेलाचा एक थेंबही चालत नाही. गावातली मुलं ओरडणारे ब्रेक घेऊन माझ्या पडवीत येतात, तेव्हा बहुतेक वेळा तक्रारीचं मूळ इथेच सापडतं. गंजाच्या भीतीने कोणीतरी डिस्कपर्यंत तेल पोचवलेलं असतं.

हे मला स्वतःला फार धोक्याच्या जागी कळलं. मी दापोलीत राहतो. एकदा पावसाच्या तोंडावर माउंटन बाइक धुवायला दिली. धुऊन झाल्यावर तिथल्या माणसाने दुचाक्यांना मारतात तसा डिझेल-ऑइलचा फवारा सायकलवरही मारला. "आता चार महिने गंज धरणार नाही," म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्णैला निघालो. आसूदच्या उतारावर पहिल्या वळणाला ब्रेक दाबले. लिव्हर नेहमीसारखी घट्ट लागली, पण सायकल थांबेना. पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे तुकडे, तिच्यावरून नुसते सरकत होते. कशीबशी सायकल कडेच्या गवतात घातली. उरलेला उतार चालत उतरलो आणि त्या दोन्ही चाकांनी पुढचे आठ दिवस जो कर्कश आवाज काढला तो अजून कानात आहे.

म्हणून हा लेख. आवाज नुसता त्रासदायक असतो असं नाही, ब्रेक त्यातून काहीतरी सांगत असतो. ते नीट ऐकलं तर अर्धं काम तिथेच होतं.

आधी आवाज ओळखा

पाना हातात घ्यायच्या आधी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. एकदा फक्त पुढचा ब्रेक दाबा, एकदा फक्त मागचा. कोणतं चाक ओरडतंय हे नक्की करा. मागच्या ब्रेकचा आवाज फ्रेममधून असा काही येतो की तो पुढचाच वाटतो. मग पाहा, आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही येतो?

ब्रेक न दाबता, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा "खस्... खस्..." असा ठेक्यात आवाज येत असेल तर रोटर वाकलाय. रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी स्टीलची चकती. आवाज ठेक्यात नाही, सलग घासल्यासारखा आहे, तर रोटर सरळ आहे आणि कॅलिपर तिरका बसलाय. कॅलिपर म्हणजे पॅड धरून ठेवणारा तो डबा. किंवा मग एखादा पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे जात नाहीये.

ब्रेक दाबल्यावर उंच पट्टीत "चींऽऽ" येत असेल तर पॅडवर तेलकट काहीतरी गेलंय, नाहीतर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय. असं का होतं? ओलं बोट काचेच्या ग्लासच्या कडेवरून फिरवलं की ग्लास गातो ना, तेच इथे घडतं. बोट क्षणभर धरतं, क्षणभर सुटतं, आणि त्या धर-सोडीने काच थरथरते. पॅडवर तेल सगळीकडे सारखं पसरत नाही. कुठे पकड मिळते, कुठे मिळत नाही, आणि पातळ चकती थाळीसारखी वाजायला लागते.

जाड, भोंग्यासारखी घुरघूर असेल आणि हँडलपर्यंत थरथर जाणवत असेल तर काहीतरी सैल आहे. आणि लोखंडावर लोखंड खरवडल्याचा "खर्रर्र" कोरड्या रस्त्यावरही थांबत नसेल तर तिथेच उतरा. पॅडचं अस्तर संपलंय आणि मागचा पत्रा रोटर खातोय. त्या सायकलवरून उतारावर जायचं नाही, घरी चालत न्यायची.

दोन आवाज मात्र दुरुस्तीचे नाहीतच. पावसात भिजलेला ब्रेक पहिल्या चार-पाच दाबांना ओरडतो आणि पाणी पुसलं गेलं की गप्प होतो. दुसरा आवाज खास आपला, किनाऱ्यावरचा. रात्रभर खारं वारं लागलं की सकाळी रोटरवर नारिंगी धूळ दिसते आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर येते. रोटर स्टेनलेस स्टीलचा असला तरी त्याला कडकपणा हवा असतो, त्यामुळे तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या स्टीलइतका गंजरोधक नसतो. ही तांबूस साय पॅड स्वतः पुसून काढतात. तिला घाबरून तेल लावायला गेलात की खरं दुखणं सुरू झालं म्हणून समजा.

काय काय लागेल

अ‍ॅलन कीचा संच हवा, त्यात ३, ४ आणि ५ मिलिमीटरच्या असल्या पाहिजेत. रोटरच्या बोल्टसाठी टी-२५ची, टोकाला चांदणी असलेली की. धुतलेली, कोरडी सुती फडकी; जुन्या धोतराची सगळ्यांत चांगली, पण ज्या फडक्याने कधी साखळी पुसली ते चालणार नाही, ते कितीही धुतलं तरी. १२० ते २०० नंबरचा काचपेपर. प्लॅस्टिकचा टायर लिव्हर. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

हे शेवटचं नाव ऐकून लोक पुण्या-मुंबईहून मागवायच्या गोष्टी करतात. गरज नाही. आपल्या बाजारपेठेतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला "आयपीए आहे का?" विचारा. सर्किट बोर्ड साफ करायला तो रोज तेच वापरतो. ते झटकन पेट घेतं, एवढं लक्षात ठेवून चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब ठेवा. हँड सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. रॉकेल, डिझेल, डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. सगळ्यांचा तवंग उरतो. गाडी धुवायचे चमक आणणारे शाम्पूही नकोत, त्यात मेण असतं. अल्कोहोल नाहीच मिळालं तर भांडी घासायचा साधा साबण आणि कढत पाणी. रोटरसाठी ते पुरेसं आहे, फक्त नंतर भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं.

सायकल उलटी करून सीटवर उभी करायची आपल्याकडे पद्धत आहे. तारेच्या ब्रेकला त्याने काही बिघडत नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी नळीतल्या तेलावर चालणारा ब्रेक असेल तर टाळा, कारण लिव्हरजवळच्या टाकीत थोडी जरी हवा असली तरी ती नळीत शिरू शकते. मी पडवीच्या वाशाला दोरी टाकून सीटच्या पुढच्या टोकाने सायकल टांगतो. चाकं मोकळी फिरतात आणि काम डोळ्यांसमोर येतं.

पहिलं काम: सैल काय आहे ते पाहणं

पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट हँडलखालच्या हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. तिथे खुटखूट जाणवली तर दोष ब्रेकचा नाही, हेडसेटचा आहे. मग चाक हातात धरून आडवं हलवा. खेळ असेल तर दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बेअरिंगचा. कॅलिपरचे दोन बोल्ट ५ मिलिमीटरच्या कीने तपासा. रोटरला सहा बोल्ट असतील तर ते टी-२५ने तपासा, आणि आवळताना एकामागून एक न घेता समोरासमोरचे घ्या, चांदणी काढतो तसे.

चाक नीट बसलंय का हेही आत्ताच पाहायचं. नुकतंच पंक्चर काढून आवाज सुरू झाला असेल तर बहुधा एवढंच झालेलं असतं. सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा, एक्सल सैल करा, हँडलवर किंवा सीटवर हाताने दाब द्या म्हणजे चाक खाचेत पूर्ण बसेल, आणि तसाच दाब ठेवून आवळा. चाक हवेत असताना आवळलं की ते केसभर तिरकं बसतं. डिस्कला तो केसभरही पुरतो.

पॅड बाहेर काढून उजेडात धरा

चाक काढा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर आता लिव्हरला हात लावायचा नाही. घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा. मध्ये रोटर नसताना लिव्हर दाबली की पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत जाता जात नाही. पॅड एका पिनेवर किंवा बारीक बोल्टवर अडकवलेले असतात. पिनेची वाकवलेली टोकं पक्कडीने सरळ करून ती ओढून घ्या. बोल्ट असेल तर आधी त्याची लहानशी क्लिप काढा. ती उडते, म्हणून खाली ताट ठेवा. समुद्राजवळच्या सायकलींत हा बोल्ट हमखास चिकटून बसलेला असतो. जोर लावून त्याचं डोकं झिजवण्यापेक्षा आधी थोडा आवळून मग सोडवा.

आता दोन्ही पॅड पडवीच्या कडेला, दिवसाच्या उजेडात, तिरके धरून पाहा. चांगला पॅड पाटीसारखा दिसतो. निस्तेज, करडा, नखाने चाचपलं तर किंचित खरखरीत. बिघडलेला पॅड चमकतो. उन्हात तिरका धरला की त्यावरून उजेड सरकतो. हे चमकणं दोन प्रकारचं असतं. नुसतं गुळगुळीत आणि कोरडं असेल तर पॅड तापून भाजलाय. एका बाजूला काळपट, ओलसर डाग असेल आणि कागदावर दाबल्यावर छाप उठत असेल तर तेल आत मुरलंय.

जाडीही पाहून घ्या. शिमानो कंपनीच्या पॅडचं अस्तर ०.५ मिलिमीटरवर आलं की ते बदलायचं असतं. मी एवढी वाट पाहत नाही. १ मिलिमीटरला काढून टाकतो, कारण लाल चिखलात उरलेलं अर्धं मिलिमीटर एका दिवसात जातं. जांभ्याची माती पाण्याबरोबर पॅड आणि रोटरच्या मध्ये शिरली की ती काचपेपरचंच काम करते.

पॅड भाजलेला असेल तर तो वाचतो. काचपेपर फरशीवर किंवा काचेवर सपाट ठेवा आणि पॅड त्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा. काचपेपर बोटात धरून पॅडवर घासू नका, कडा गोल होतात. चमक जाऊन सगळीकडे सारखा करडा रंग आला की थांबा. मग अल्कोहोलच्या फडक्याने पुसून वाळवा. हे काम तोंडाला रुमाल बांधून, उघड्यावर करा. ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नसते.

तेल मुरलेल्या पॅडबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: फेकून द्या. गॅसवर भाजून तेल जाळायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. मीही तो करून पाहिलाय. दोन दिवस बरं वाटतं, मग आतलं तेल उष्णतेने पुन्हा वर येतं. रेझिन, म्हणजे राळेने बांधलेले पॅड तर ज्वाळेवर तडकतात आणि अस्तर पत्र्यापासून सुटण्याचा धोका असतो. काही शे रुपयांच्या पॅडसाठी आसूदच्या नाहीतर आरे-वारेच्या उतारावर जिवाशी खेळू नये. आणि पॅड नेहमी जोडीने बदला.

नवे घेताना रेझिन घ्यायचे की सिंटर्ड, म्हणजे धातूचे? रेझिन शांत असतात, पण पावसात झपाट्याने झिजतात. सिंटर्ड चिखल-पाण्यात टिकतात, थोडे जास्त वाजतात. जून ते सप्टेंबर सायकल चालवणार असाल तर सिंटर्ड घ्या आणि थोडा आवाज सोसा. पण आधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. स्वस्तातल्या अनेक रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" असं लिहिलेलं असतं. त्यावर धातूचे पॅड लावले तर रोटरच खाल्ला जातो. रोटरची कमीत कमी जाडीही तिथेच कोरलेली असते. शिमानोचा नवा रोटर साधारण १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ मिलिमीटर झाला की बाद.

रोटर धुणं

स्वच्छ फडक्यावर अल्कोहोल घ्या, रोटरवर ओतू नका. दोन्ही बाजू पुसा, भोकांच्या कडा पुसा, फडक्याची बाजू बदलत राहा. शेवटी फडकं पांढरं निघेपर्यंत. डिझेलचा फवारा खाल्लेल्या माझ्या रोटरला सहा फडकी लागली होती. नंतर काचपेपर फक्त हलका, सगळीकडे सारखा फिरवा आणि पुन्हा पुसा. आता बोट लावायचं नाही. सकाळी डोक्याला खोबरेल लावलेलं असतं, त्याच हाताने आपण चाक उचलतो. रोटर धरायचाच असेल तर मधल्या काड्यांना धरा.

रोटर साफ केला आणि जुने तेलकट पॅड परत घातले, किंवा उलट, तर दोन्ही पुन्हा खराब. पॅड आणि रोटर एकाच बैठकीत करा.

पिस्टन अडकलाय का

पॅड काढलेलेच आहेत तर पिस्टनही बघून घ्या. खाऱ्या हवेत आणि लाल मातीत त्यांच्याभोवती कड धरते, मग एक पिस्टन पुढे येतो आणि दुसरा जागचा हलत नाही. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन पिस्टनची गोल कड सगळीकडून पुसा. प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने दोन्ही पिस्टन हळूहळू, सरळ आत ढकला. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. काही कॅलिपरमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात, त्यांचा टवका उडतो. चालणारा पिस्टन टायर लिव्हरने आत दाबून धरा आणि ब्रेकची लिव्हर अगदी थोडी दाबा, म्हणजे अडकलेल्याला बाहेर यावंच लागतं. २ ते ३ मिलिमीटर बाहेर आला की पुसा आणि आत ढकला. तीन-चार वेळा केलं की तो मोकळा होतो.

कॅलिपर मधोमध आणणं

पॅड आणि चाक जागेवर बसवा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट एवढेच सैल करा की कॅलिपर हाताने आडवा हलेल. चाक फिरवा, ब्रेकची लिव्हर घट्ट दाबा आणि दाबून धरा. कॅलिपर आपोआप रोटरच्या मधोमध येतो. लिव्हर रबराच्या पट्ट्याने हँडलला बांधली तर दोन्ही हात मोकळे राहतात. मग एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला, असे आळीपाळीने आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला की कॅलिपर वळतो आणि केलेलं वाया जातं. शिमानोला ६ ते ८ न्यूटन-मीटर लागतात. टॉर्कचा पाना नसेल तर कीची आखूड बाजू हातात धरून घट्ट आवळा; लांब बाजूला लोंबकळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे उतरतात.

एवढ्याने पुष्कळदा जमतं. नाही जमलं तर कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा आणि फटीतून बघा. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. ज्या बाजूला दिसत नाही तिथून कॅलिपर अंगठ्याने केसभर सरकवून पुन्हा आवळा. यात घाई चालत नाही. मला अजूनही कधी तीन मिनिटं लागतात, कधी अर्धा तास.

उजेडाची रेघ चाक फिरताना मोठी-लहान होत असेल तर रोटर वाकलाय. कोकण रेल्वेच्या पार्सलमधून किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या सायकलींत हे नेहमीचं. चाक हळू फिरवून घासणारी जागा शोधा, तिथे कडेला पेन्सिलने खूण करा, ती जागा कॅलिपरमधून बाहेर आणा आणि स्वच्छ फडक्यात धरून बोटांनी उलट्या बाजूला अगदी थोडी दाबा. पुन्हा फिरवून बघा. चकती लवचिक असते, त्यामुळे थोडं दाबलं तर परत येते. पण "अजून जरा" करत एकदम जोर लावला की दुसरीकडून वाकते. आणि उतार उतरून आल्या आल्या हे करू नका. तापलेला रोटर कातडी सोलतो.

तारेवरचे डिस्क ब्रेक

आपल्याकडच्या स्वस्तातल्या बहुतेक माउंटन बाइकना हेच असतात, म्हणून वेगळं सांगतो. यात साधारणपणे बाहेरचा एकच पॅड हलतो. तो रोटरला ढकलतो आणि रोटर किंचित वाकून आतल्या स्थिर पॅडला टेकतो. आतला पॅड रोटरपासून दूर असेल तर रोटर जास्त वाकतो, थरथरतो आणि ओरडतो. आतल्या बाजूला, चाकाच्या काड्यांकडून, अ‍ॅलन कीने फिरणारा स्क्रू असतो. काही मॉडेलना हाताने फिरवायची चकती असते. तो फिरवून आतला पॅड रोटरच्या इतका जवळ आणा की मध्ये पोस्टकार्ड जेमतेम मावेल. बाहेरच्या पॅडचं अंतर तारेच्या ताणाने जुळवा.

तारेवरच्या ब्रेकला आणखी एक कोकणी दुखणं आहे. नळीत खारं पाणी शिरून तार गंजते, ब्रेक सोडला तरी पॅड पुरते मागे येत नाहीत आणि चाक सतत घासत राहतं. लोक कॅलिपर जुळवत बसतात, आणि दोष तारेत असतो. तार मोकळी करून हाताने ओढून बघा. रखडत असेल तर तार आणि नळी दोन्ही बदला. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास दरवर्षी बदललेली बरी.

पॅड बसवून घेणं

नवे किंवा घासलेले पॅड लावले आणि थेट उताराला गेलात तर आवाज परत येणार. पॅडच्या मालाचा पातळ, सारखा थर रोटरवर बसावा लागतो, पकड त्यातून येते. गावाबाहेरचा, गाड्या नसलेला सपाट रस्ता बघा. मध्यम वेग घ्या, एक ब्रेक खंबीरपणे दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण चाक पूर्ण थांबू देऊ नका. सोडा, पुन्हा वेग घ्या. असं वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगाने दहा वेळा. नंतर दुसरं चाक. पहिल्या सात-आठ वेळा पकड कमी वाटते, मग दर वेळी ती वाढलेली हाताला कळते. हे करताना चाक पूर्ण थांबवलं तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला ती जागा धक्का देते.

आपला प्रदेश चढ-उतारांचा. सड्यावरून खाडीत उतरायचं, पूल नाहीतर फेरीबोट, पुन्हा सडा. अशा लांब उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवायची सवय असेल तर पॅड भाजतात, चमकतात आणि खाली पोचेपर्यंत ओरडायला लागतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक खंबीरपणे दाबून वेग कमी करा, मग सोडा, पॅडना वारा लागू द्या.

सगळं करूनही आठवड्यात आवाज परत आला तर

शेजारचा एक मुलगा तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "काका, काल साफ केलं, आज परत तसंच." त्याच्याकडे हायड्रॉलिक ब्रेक होता. त्याचे पॅड काढले, पिस्टन पुसून कोरडे केले, दोन पिस्टनच्या मध्ये टिश्यू पेपरची घडी घातली आणि लिव्हर पिस्टन टेकतील इतकीच दाबून रात्रभर बांधून ठेवली. सकाळी कागदावर आठ आण्याएवढा तेलाचा गोल होता. पिस्टनचं सील गळत होतं, म्हणजे तेल बाहेरून कोणी लावतच नव्हतं. अशा वेळी कितीही पॅड बदलले तरी उपयोग नाही. कॅलिपर बदलावा लागतो. त्यात कोणतं तेल जातं हे लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट. दुचाकीच्या गॅरेजमध्ये डॉटचा डबा हाताशी असतो आणि "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल" म्हणून तोच मिनरलच्या ब्रेकमध्ये भरला जातो. सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. सायकल दुसऱ्याच्या हातात देताना हे तोंडाने सांगा, आणि "डिस्कवर काही फवारू नका" हेही.

साखळीला तेल घालायचं झालं तर फवारा न वापरता एकेका कडीवर थेंब टाका आणि तेवढा वेळ रोटरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. मुरुड-कर्द्याच्या ओल्या वाळूवरून सायकल चालवून आलात, किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर तिच्यावर शिंतोडे उडाले, तर घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठच परत बसतं. बोटीवर सायकल उभी करताना इंजिनाच्या बाजूला आणि मोटरसायकलींच्या साखळ्यांजवळ नको. मासळीच्या गाडीमागून फार जवळून जाऊ नका. तिच्यातून गळणारं पाणी खारं आणि तेलकट असतं, आणि पुढच्या चाकाने उडालेलं थेट रोटरवर येतं.

पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर फ्रेमला, बोल्टच्या डोक्यांना, साखळीला खुशाल तेलाचा हात द्या. त्याआधी दोन्ही रोटरवर जुन्या सुती कापडाच्या पिशव्या चढवून नाडीने बांधा. माझ्या पिशव्या आईने तिच्या जुन्या लुगड्याच्या शिवून दिल्यात. श्रावणात त्या काढल्या की खाली रोटर तांबूस झालेला असतो. अंगणातून फाटकापर्यंत जाताना तीनदा ब्रेक दाबतो. पहिल्यांदा खर्रर्र, दुसऱ्यांदा थोडी खरखर, तिसऱ्यांदा काही नाही.